मदत हवी आहे: आई-बाबांसोबत कादिझ प्रांत, गाडीशिवाय जमेल का?

नमस्कार मंडळी. मे महिन्यात आई-बाबांना घेऊन दक्षिण स्पेनमधल्या कादिझ प्रांतात जायचं ठरतंय. गाडी चालवणारं कुणी नाही, सगळी भिस्त बस-रेल्वेवर.

बाबांना बोलोनियाचा किनारा बघायचाच आहे. तिथे वाळूला लागूनच बाएलो क्लाउदिया या रोमन गावाचे अवशेष आहेत. मासे खारवायचे गोल-चौकोनी हौदसुद्धा अजून दिसतात. वसंतात ट्यूना अटलांटिकमधून भूमध्य समुद्रात शिरतात, आणि त्यांना जाळ्यांच्या चक्रव्यूहात अडवायची ‘आल्माद्राबा’ पद्धत बार्बातेजवळ आजही चालू आहे. मे म्हणजे ऐन हंगाम! बंदरावर मासळी उतरताना बाहेरच्यांना बघू देतात का? जवळच्या तारिफा गावाहून बोलोनियाला मेमध्ये बस असते की टॅक्सीच करावी लागते?

दुसरी काळजी वाऱ्याची. लेवान्ते, म्हणजे पूर्वेकडचा जोरदार वारा, सुटला की तारिफाला वाळू नुसती उडत असते, आणि आईला दमा आहे. मग मुक्काम कादिझ शहरात बरा की वेहेरला? वेहेरची पांढरी घरं तिला फार आवडली आहेत, पण गाव टेकडीवर, गुडघ्यांना तो चढ झेपेल का?

ग्रासालेमाच्या डोंगरातल्या पिन्सापो (फर जातीची झाडं) जंगलातल्या वाटेचा परवाना किती आधी काढावा, तेही सांगा. आई शाकाहारी आहे, तिच्यासाठी जेवणाची ठिकाणं माहीत असतील तर जरूर कळवा.