हँडहेल्डच्या पंख्याचा ताबा कर्नल ड्रायव्हरकडे असावा का?

ऐरोली_ईसी
वनएक्सप्लेअर या हँडहेल्डच्या पंख्याचा ड्रायव्हर लिनक्स कर्नल (लिनक्सचा गाभा) ६.२ पासून आहे, जीपीडीचा ६.१८ मध्ये आला. बाकीच्या गेमिंग हँडहेल्डनीही हाच रस्ता धरावा, असं माझं ठाम मत आहे. आपल्याकडे मे महिन्यात बिनएसीच्या खोलीत ३४-३५ अंश सहज असतात. २५ अंशांच्या खोलीसाठी बेतलेली कर्व्ह (किती तापमानाला पंखा किती वेगाने, याचा आलेख) इथे चालवली, तर तेवढ्याच वॅटला आणि तेवढ्याच आरपीएमला (मिनिटाला फेरे) चिप साधारण १० अंश जास्त तापते. म्हणजे पंखा आपल्या हातात हवाच. तो एचडब्ल्यूमॉनच्या (कर्नलचा तापमान-पंखे सांभाळणारा भाग) ठरलेल्या फायलींतून मिळावा: पीडब्ल्यूएम-१ मध्ये पंख्याच्या जोराचा आकडा, ० ते २५५, पीडब्ल्यूएम-१-एनेबलमध्ये १ म्हणजे मॅन्युअल, २ म्हणजे ऑटो. मॉडेल कुठलंही असो, स्क्रिप्ट एकच.

कळवा_खाडी
मला हे पटत नाही. ईसीचा (पंखा, बॅटरी सांभाळणारी छोटी चिप) रजिस्टर नकाशा, म्हणजे कुठल्या पत्त्यावर काय आहे, ते बहुतेक कंपन्या देत नाहीत. डीएसडीटी (फर्मवेअरमधला हार्डवेअरच्या वर्णनाचा तक्ता) उलगडून शोधावा लागतो. ड्रायव्हर डीएमआयमधलं (फर्मवेअरने दिलेली यंत्राची ओळख) बोर्डाचं नाव बघून नकाशा निवडतो. उद्या तेच नाव ठेवून आत वेगळा ईसी आला, तर भलत्याच पत्त्यावर लिहिलं जाईल आणि दुरुस्ती डिस्ट्रोपर्यंत पोचायला आठवडे लागतील. त्यापेक्षा ईसी-सिस मॉड्यूल (ईसीचे बाइट फायलीसारखे उघडणारा कर्नलचा भाग) राइट-सपोर्ट १, म्हणजे लिहिण्याची मुभा, देऊन लोड करा, नकाशा जेसन फायलीत ठेवा. चुकलं तर एक ओळ बदलायची, बस.

ऐरोली_ईसी
ड्रायव्हर लोड झाला म्हणून आपणहून पंख्याला हात लावत नाही. कुणी पीडब्ल्यूएम लिहिलं तरच लिहितो. निदान तसाच तो लिहिला पाहिजे. उलट ईसी-सिसच्या फायलीत २५६ पैकी कुठलाही बाइट लिहिता येतो, त्यात बॅटरी चार्जिंगचेही असू शकतात. एका अंकाची चूक आणि पंख्याऐवजी चार्जिंगची मर्यादा बदलली. शिवाय सिक्युअर बूटमुळे कर्नलचा लॉकडाउन (कर्नलमधली ढवळाढवळ रोखणारी सोय) लागला की डीबगएफएसमधून, जिथे ईसी-सिसची फाइल असते, लिहिणं बंद.

त्याहून वाईट म्हणजे ईसीच्या पोर्ट ६२ आणि ६६ (हेक्स) वर थेट लिहिणाऱ्या स्क्रिप्टा. आधी कमांड, मग पत्ता, मग डेटा, असा तीन पायऱ्यांचा व्यवहार असतो. मध्येच एसीपीआयने (सिस्टमची पॉवर-व्यवस्था) बॅटरीची टक्केवारी विचारली, तर दोन व्यवहार एकमेकांत मिसळतात. कर्नलच्या ईसी-राइट फंक्शनला लॉक असतं.

कळवा_खाडी
ईसी-सिससुद्धा तेच फंक्शन वापरतं, त्यामुळे लॉकचा मुद्दा फक्त थेट पोर्टवाल्यांना लागू. लॉकडाउनचा मुद्दा मान्य.

नेरूळ_थर्मल
दोघांच्याही बोलण्यातून खरी जोखीम निसटते आहे. मॅन्युअलमध्ये पीडब्ल्यूएम ६० वर ठेवून डेमन (मागे चालणारा, पंखा सांभाळणारा प्रोग्राम) कोसळला, तर पंखा ६० वरच राहतो. चिप थ्रॉटल होऊन (वेग कमी करून) स्वतःला वाचवते. शेजारची एनव्हीएमई एसएसडी आणि लिथियम बॅटरी मात्र त्याच बंद डब्यात शेकत राहतात, आणि ४५ अंशांच्या वर चार्जिंग बॅटरीला मानवत नाही.

यावर सर्वांत चांगली रचना एसूसची आहे. त्यांचा ड्रायव्हर ८ बिंदूंची कर्व्ह फर्मवेअरच्या हवाली करतो. मग डेमन मेला तरी कर्व्ह चालू. ज्यांचा ईसी फक्त एक आकडा घेतो, तिथे ड्रायव्हरमध्येच वॉचडॉग हवा: १० सेकंदांत नवा आकडा आला नाही तर परत ऑटो.

ऐरोली_ईसी
वॉचडॉग एचडब्ल्यूमॉनच्या ठरलेल्या वागणुकीत बसत नाही. एकदा आकडा लिहून सोडून देणाऱ्यांचं मॅन्युअल आपोआप सुटेल. हे काम सिस्टमडीचं (सर्व्हिस चालू-बंद करणारा प्रोग्राम): सर्व्हिसमध्ये एक्झेक-स्टॉप-पोस्ट टाकून एनेबल २ लिहा, ते सर्व्हिस कोसळली तरी चालतं.

नेरूळ_थर्मल
सर्व्हिस कोसळली तर चालतं. डेमन जिवंत राहून अडकला तर नाही. तिथे वॉचडॉग-सेक (खबर आली नाही तर सर्व्हिस मारणारी सिस्टमडीची वेळमर्यादा) हवंच, आणि डेमनने नियमित खबर द्यायला हवी.

कळवा_खाडी
ड्रायव्हर येणारच असेल, तर पॅच पाठवण्याआधी निदान एवढं तपासा. एनेबल १, पीडब्ल्यूएम २५५. आरपीएम चढतो का बघा. मग १०-१० ने खाली या आणि पंखा कुठे थांबतो ते टिपा. थांबलेला पंखा सुरू व्हायला त्याहून जास्त आकडा लागतो, म्हणून कर्व्हची तळरेषा सुरू होण्याच्या आकड्यावर ठेवा. यंत्र झोपवून उठवा: काही ईसी जागे होताना ऑटोवर जातात आणि ड्रायव्हर मॅन्युअलच सांगत बसतो. शेवटी मॉड्यूल काढा; पंखा ऑटोवर आला नाही तर तो पॅच अपुरा.

ऐरोली_ईसी
यात दोन गोष्टी जोडतो. वनएक्सप्लेअर २ चा ईसी ० ते १८४ घेतो. १२८ लिहिलं की ईसीत ९२ जातात आणि परत वाचल्यावर १२७ येतात. लिहिलेलं आणि वाचलेलं जुळतं का, हे तपासणारा डेमन मग दर फेरीला पुन्हा लिहीत बसतो. दुसरं, आरपीएम दोन बाइटांत असतो. वरचा बाइट वाचून झाल्यावर वेग ४०९५ वरून ४०९६ झाला, तर वरचा बाइट जुना आणि खालचा नवा मिळून क्षणभर ३८४० दिसतात. वरचा, खालचा, पुन्हा वरचा असं वाचा. वरचे दोन जुळेपर्यंत आकडा धरू नका.

नेरूळ_थर्मल
आणि आरपीएम बरोबर दिसतो म्हणून थंडावा मिळतो आहे असं धरू नका. ठाणे-बेलापूर रस्त्याची धूळ आणि खाडीची दमट हवा मिळून हीटसिंकच्या पात्यांत गादी बसते. पंखा ५००० ने फिरतो, हवा निघत नाही. कर्व्ह बदलण्याआधी ती साफ करा. वॉचडॉगचा माझा आग्रह मात्र कायम आहे, निदान मॉड्यूलच्या ऐच्छिक पॅरामीटरच्या रूपात.