उठायला उशीर झाला त्या दिवसापासून लेक रात्री दचकून उठतेय, काय करू? (मदत हवी आहे)

नमस्कार, बरेच दिवस इथे नुसतं वाचतेय, आज पहिल्यांदाच स्वतःचं लिहितेय, जरा लांबेल, सांभाळून घ्या.

लेक दुसरीत आहे, सात वर्षांची. आम्ही धायरी फाट्याजवळ राहतो. शाळा सकाळची, व्हॅन ६.३५ ला सोसायटीच्या गेटवर येते आणि ७.१० ला शाळेचं गेट बंद होतं. नवरा चाकणला कंपनीत, नाईट शिफ्ट असली की घरी यायला आठ वाजतात, म्हणजे त्या आठवड्यात सकाळचं सगळं माझ्या एकटीवर. मोबाईलला ५.४५ चा गजर असतो. मागच्या मंगळवारी रात्री फोन चार्जिंगला लावला पण बोर्डावरचं बटण दाबायचंच राहिलं, रात्रीत कधीतरी फोन बंद पडला, गजर वाजलाच नाही. जाग आली ती थेट व्हॅनवाल्या काकांच्या हॉर्नने.

गॅलरीतूनच काकांना तुम्ही जा म्हणून हात केला आणि पुढची पंचवीस मिनिटं आठवली तरी अजून पोटात गोळा येतो. अंघोळ नाहीच, नुसतं हातपाय तोंड. भाजी चिरून ठेवली होती पण कणीक भिजवायलाच वेळ नव्हता, मग रात्रीच्या दोन पोळ्या उरल्या होत्या त्यांना तूप-गूळ लावून गुंडाळी करून डब्यात घातल्या, युनिफॉर्म इस्त्रीच्या गठ्ठ्यात सापडला तर एक मोजाच मिळेना, आणि ही बेसिनपाशी तोंडात ब्रश धरून डोळे मिटून उभी. वेण्या घालताना केसांत गुंता होता, ती "आई दुखतंय" म्हणाली आणि मी तिच्या पाठीत जोरात धपाटा घातला. सात वर्षांत कधी हात उचलला नव्हता हो मी तिच्यावर. रडलीसुद्धा नाही, रिबन मुठीत घट्ट धरून गप्प उभी राहिली. दुसरी वेणी रिक्षात घातली. पोचलो तर गेट बंद, आत प्रार्थना चालू, उशिरा आलेल्या मुलांची बाहेर रांग, डायरीत लाल पेनचा शेरा. वर्गाकडे जाताना सारखी मागे वळून बघत होती, हनुवटीवर टूथपेस्ट वाळलेली तशीच.

आता प्रश्न असा, की त्या रात्रीपासून ती तीन-साडेतीनला उठून बसते आणि विचारते, "आई किती वाजले? काका येऊन गेले का?" झोप म्हटलं की पडते पण डोळे उघडेच. परवा पांघरूण सारखं करायला गेले तर पायात शाळेचे मोजे. सकाळी शोधायला लागू नयेत म्हणून घालून झोपली म्हणाली.

आधीच झोप कमी. या वयाच्या मुलांना ९ ते १२ तास झोप लागते म्हणतात, आमच्याकडे जेवण-अभ्यास होऊन साडेदहा वाजतात, म्हणजे जेमतेम सात तास होतात. चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी ९ किंवा त्यानंतर भरवा असा शासन निर्णय फेब्रुवारी २०२४ मध्ये निघाला तेव्हा किती आनंद झाला होता, पण आमच्या शाळेत एकाच इमारतीत दोन पाळ्या, दुपारी मोठे वर्ग, त्यामुळे वेळ आहे तीच राहिली. शाळा बदलणं सध्या शक्य नाही.

तर तिच्या मनातून ही भीती कशी काढू? डॉक्टरांना दाखवायला हवं का? आणि धपाट्याबद्दल तिच्याशी बोलू, की विषय काढला तर उलट जास्त लक्षात राहील?

प्रतिसाद १
ताई, आधी बोला तिच्याशी, आजच. "उशीर माझ्यामुळे झाला, फोनचं बटण मी दाबलं नव्हतं, मारलं ते माझं चुकलं" एवढं साध्या शब्दांत सांगा. मी वीस वर्षं प्राथमिकला शिकवलं, या वयाची मुलं आई चिडली म्हणजे आपलंच काहीतरी चुकलं असं धरून बसतात. दुसरं, सेलवर चालणारं गजराचं साधं घड्याळ आणा आणि रोज रात्री गजर तिलाच लावू द्या. वर्गशिक्षिकेच्याही कानावर घाला, रांगेत उभं राहण्याची धास्ती त्यांनी एका वाक्यात घालवली तर निम्मं काम होईल.

प्रतिसाद २
झोपायची वेळ एकदम नका ओढू, दर तीन-चार दिवसांनी पंधरा मिनिटं अलीकडे आणा. त्यासाठी जेवण आठच्या आत व्हायला हवं, तेच अवघड असतं हे मान्य. आमच्याकडे दाराजवळ एक टोपली आहे, मोजे, रिबन, आयकार्ड, डायरी सगळं रात्रीच त्यात, आणि टोपली मुलगा भरतो, मी नाही. कणीक रात्री भिजवून फ्रिजमध्ये ठेवा, वर तेलाचा हात फिरवला की काळी पडत नाही. दोन-तीन आठवड्यांत फरक पडला नाही, किंवा सकाळी पोटात दुखतंय, शाळेत जायचं नाही असं सुरू झालं तर मात्र बालरोगतज्ज्ञांना दाखवाच.

धागाकर्ती
दोघांचेही मनापासून आभार. काल रात्री केस विंचरताना बोलले तिच्याशी. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मग काका मला रागावले नव्हते?" इतके दिवस तिला वाटत होतं की हॉर्न काकांनी तिच्यावर रागावून वाजवला! हे मला सुचलंही नसतं. आज व्हॅनमध्ये बसवताना काकांनाच सांगितलं, ते तिला म्हणाले, "बाळा, मी तर रोजच वाजवतो."

घड्याळ आणलंय, सेल तिनेच घातला. पहाटे चारला उठली, पण मला हाक नाही मारली, घड्याळ कानाला लावून टिकटिक ऐकली आणि परत आडवी झाली. मोजे मात्र अजून पायातच होते, त्यावर मी काही बोलले नाही.

एक विचारायचं राहिलं, वेण्या रात्रीच सैलसर घालून ठेवल्या तर चालेल का? केस बारीक आहेत तिचे, तुटतील अशी भीती वाटते. कुणी करत असेल तर सांगा ना.