ठिबक गळक्या नळानं शोधलं नाही

रावेरचा केळीवाला
गटात काल पोस्ट फिरली: "इस्रायलमध्ये नळ गळला, शेजारचं झाड वाढलं, ठिबक जन्माला आलं. मोठे शोध असे चुकून लागतात." डोकं तापलं माझं. सिम्खा ब्लास मुरलेला पाणी-इंजिनिअर होता. १९३० च्या दशकात एका शेतकऱ्यानं त्याला पाण्यावाचून वाढलेलं झाड दाखवलं. त्यानं उकरून पाहिलं, तर नळीच्या सांध्यातून थेंब झिरपत होते. तिथून पुढे तीसेक वर्षं गेली! थेंबासाठी बारीक भोक ठेवलं तर ते बुजतं, म्हणून ब्लास आणि त्याच्या मुलानं पाणी लांब, पिळाच्या वाटेनं फिरवलं. घर्षणानं जोर मोडतो, वाट रुंद ठेवूनही थेंबच पडतो. त्याला स्वस्त प्लॅस्टिकची वाट पाहावी लागली. १९६५ साली हात्झेरिम किब्बुत्झशी, म्हणजे तिथल्या सामूहिक शेतीच्या वसाहतीशी, करार झाला, तेव्हा नेटाफिम ही ठिबकची कंपनी उभी राहिली. गळके नळ तर आपल्या गल्लीतही आहेत की.

पांझराकाठ, साक्री
ब्लास मान्य. पण खान्देशात बसून इस्रायलच का आठवतं? आपली फड पद्धत, म्हणजे नदीवर बंधारा, तिथून पाट आणि पाटाखालच्या जमिनीचे फड म्हणजे मोठे तुकडे, तीनशे वर्षांहून जुनी. माझे आजोबा पाटकरी, पाटाचं पाणी शेताशेतात सोडणारे. एका फडात एकच पीक, पाणी कुणाला कधी ते गाव ठरवणार, पगार धान्यात. विश्वेश्वरय्या नोकरीच्या सुरुवातीला इथंच होते, पांझरेच्या खोऱ्यात पाणी पलीकडे नेणारा नळाचा सायफन बांधला त्यांनी. पुढे नीरा कालव्यावर ब्लॉक पद्धत (जमिनीचे गट पाडून, पिकं फिरवून पाणी देणं) आणली, ती आपल्या फडावरूनच घेतलेली.

आप्पा, चाळीसगाव
घेतलेली म्हणता, कागद दाखवा. दोन गोष्टी सारख्या दिसल्या म्हणून एकीनं दुसरीचं उचललं होत नाही. आणि फडाचं इतकं कौतुक नको. नदीकाठी जमीन असेल त्याचंच भलं. माझं शेत उंचावर, आमच्याकडे पाट कधी आलाच नाही. शिवाय फडात जे ठरलं तेच लावायचं. केळी वर्षभर उभी राहते, ती फेरपालटात कुठं बसवणार?

पांझराकाठ, साक्री
आप्पा, तुम्ही फड पाहिलाय का कधी? पाणी कमी पडलं तर पिकाखालचे फडच कमी करायचे, म्हणजे तोटा सगळ्यांनी वाटून घ्यायचा. आज कोण घेतो असा वाटा? वरच्या अंगाला धरणं झाली, ज्याची त्याची बोअर झाली, आणि आजोबांचं काम गेलं. त्यांना पाटाशी नुसतं बसून राहिलेलं मी पाहिलंय.

शिरपूरची सून
भाऊ, तुमचं चालू द्या, पण ठिबक बसवलं की सुटलो, असं कुणी समजू नका. आमच्या बोअरचं पाणी क्षाराचं. दुसऱ्याच वर्षी ड्रिपर, म्हणजे नळीवरची थेंब सोडणारी तोंडं, बुजले. विकणाऱ्यानं क्षार विरघळवायला ॲसिड द्यायला शिकवलं नाही, फोनही उचलला नाही. ओळीच्या टोकाची झाडं वाळली, तेव्हा कळलं. आता फिल्टर मीच धुते, नळ्यांची टोकं सोडून गाळ काढते. ब्लासच्या तीस वर्षांचं मोल मला ती टोकं सोडताना कळतं.

रावेरचा केळीवाला
ताई, हेच तर म्हणतोय मी! पण धागा ठिबकाचा होता, फडावर कुठं गेलात सगळे?

पांझराकाठ, साक्री
बरं, ब्लॉक पद्धतीचं मागे घेतो. कागद नाही माझ्याकडे. साम्य मात्र आहे, ते सोडणार नाही.

आप्पा, चाळीसगाव
साम्य आहे, कबूल. तोटा वाटून घेण्याचंही पटलं. उंचावरच्या शेताचं उत्तर अजून आलेलं नाही.