प्रमाणन चिन्हाला वेगळेपणाची अट हवीच कशाला?

शंकासुर: साधा ट्रेडमार्क सांगतो माल कोणाचा, प्रमाणन चिन्ह सांगतं माल तपासलेला आहे. मग ते जितकं सरळ, तितकं गिऱ्हाइकाच्या कामाचं. ‘शंभर टक्के सेंद्रिय’ असं गोलात लिहून नोंदवलं तर कोणाचं काय जातं? आपल्या १९९९च्या ट्रेडमार्क कायद्यात कोणती चिन्हं नोंदवायची नाहीत ते कलम ९(१) सांगतं; कलम ६९ने त्याचा पहिला खंड, म्हणजे वेगळेपणाचाच (चिन्हाने एकाचा माल दुसऱ्याच्या मालापासून वेगळा ओळखता यावा), या चिन्हांपुरता बाजूला ठेवलाय.

कलमदान: पहिला आणि तिसरा बाजूला ठेवलाय. दुसरा तसाच आहे, तो वाचायचा राहिला वाटतं. प्रकार, गुणवत्ता, उगम यांचं नुसतं वर्णन करणारी चिन्हं तिथंच अडकतात. शिवाय प्रमाणन चिन्हाच्या व्याख्येतच आहे की प्रमाणित माल अप्रमाणित मालापासून वेगळा ओळखता आला पाहिजे. तुमचे तेच तीन शब्द तपासणी न केलेला माणूसही पाकिटावर छापेल, आणि माल तसा असेल तर ते खोटंही नसेल. दोन्ही पाकिटं शेजारी ठेवा आणि तपासलेलं कुठलं ते सांगा बघू.

शंकासुर: वापरातून वेगळेपण कमावता येतं, कलम ९(१)चं परंतुक, म्हणजे त्याला जोडलेला अपवाद, त्यासाठीच आहे. आणि ब्रिटनच्या १९९४च्या कायद्यात भौगोलिक उगम दाखवणाऱ्या प्रमाणन चिन्हांना सूट आहेच. गावाच्या नावाला सूट, गुणाच्या नावाला का नाही?

तिसरी घंटा: युरोपीय संघाने नेमकं उलट केलं. १ ऑक्टोबर २०१७पासून त्यांचं प्रमाणन चिन्ह सुरू झालं, त्यातून भौगोलिक उगम मुळातच वगळला. त्याच वर्षी जूनमध्ये कापसाच्या फुलाच्या चिन्हावर तिथल्या न्यायालयाचा निकाल आला. एका संघटनेने ते साधा ट्रेडमार्क म्हणून नोंदवलं होतं आणि वापर मात्र दर्जाचा शिक्का म्हणून. न्यायालय म्हणालं, माल एकाच उद्योगाच्या देखरेखीखालचा आहे याचीही हमी त्यातून मिळत नसेल, तर हा ट्रेडमार्कचा खरा वापर नव्हे. वेगळेपण साध्या ट्रेडमार्कला आणि प्रमाणन चिन्हाला दोन्हीकडे लागतं, पण एकच नव्हे: तिथं एकाचा माल दुसऱ्याच्या मालापासून, इथं तपासलेला न तपासलेल्यापासून. तुम्ही दोघं त्या शब्दाचे दोन अर्थ धरून भांडताय.

शंकासुर: पण खरी राखण चिन्ह कोणी, कसं वापरायचं याची नियमावली करते! ती दाखल करावी लागते, आणि कलम ७०प्रमाणे मालकाला त्या मालाचा धंदाही करता येत नाही.

कलमदान: नियमावली दुकानात कोण वाचतं?

शंकासुर: बरं, शब्दांवरचा हक्क सोडला. सोबत आकृती काढतो. आता?

कलमदान: आता बोलू. फक्त आकृती शब्दांपेक्षा मोठी काढा, सगळा भार तिच्यावरच येणार आहे.