कुंडलिकेत वादळी पावसात कयाकिंग : मदत हवी आहे

मंडळी, कोलाडजवळ कुंडलिका नदीत कयाक (वल्ह्याने चालवायची छोटी, अरुंद बोट) चालवणारं कुणी इथे असेल तर कृपया मार्गदर्शन करा. एरवी या नदीचा अंदाज बांधता येतो, कारण पाणी भिऱ्याच्या वीजकेंद्रातून सुटतं. पावसाळ्यात मात्र डोंगरावरचे ओढे थेट येऊन मिळतात. कोलाडला उघडीप असली तरी वर घाटात कोसळत असला की पाणी बघता बघता चढतं. पाणी गढूळ झालं, काटक्या वाहून यायला लागल्या की मी काठ गाठतो. याच्याही आधी कळेल अशी काही खूण आहे का?

खरी धास्ती आहे ती पाण्यात आडव्या पडलेल्या झाडांची. फांद्यांतून पाणी आरपार जातं, माणूस अडकतो, लाइफ जॅकेट घातलेलं असलं तरी. प्रवाह तिकडे खेचतच असेल तर झाडाकडे झुकून बोट सावरायची, की बोट सोडून सरळ फांदीवर चढायचं?

विजांचा गडगडाट ऐकू आला की बाहेर, आणि शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटं पाण्यात पाय नाही, हे पाळतोच. पण काठावर सगळी उंच झाडं. थांबायचं कुठे?

यंदा भाची सोबत येणार आहे, म्हणून जास्त काळजी. रेड अलर्टला आम्ही उतरणारच नाही, प्रश्न यलो अलर्टच्या दिवसांचा आहे.