लूरचे वजन जुळवताना पाण्याचे तापमानही पाहावे

पुढच्या ट्रेबल हुकच्या (तीन टोकांच्या गळाच्या) दांड्याला सोल्डरची तार गुंडाळून तरंगणारा लूर (मासे पकडण्याचे कृत्रिम आमिष) वर-खाली न जाता पाण्यात स्थिर राहील असा करावा आणि घरच्या बादलीत तपासून घ्यावा, असा सल्ला दिला जातो; त्यातील पहिला भाग मला पूर्ण मान्य आहे, कारण वजन पोटाखाली पुढच्या बाजूस राहिल्याने नाक किंचित खाली झुकते आणि काठीच्या झटक्यानंतर लूर आडवा घसरतो. तीच तार मागच्या हुकला गुंडाळली, तर शेपूट जड होऊन हालचाल मंदावते. बादलीबाबत मात्र माझा अनुभव वेगळा आहे.

गेल्या जानेवारीत मी दहा ग्रॅमचा लूर दुपारी गच्चीवरच्या टाकीच्या कोमट पाण्यात अगदी स्थिर होईपर्यंत जुळवला होता, पण दुसऱ्या दिवशी पहाटे गंगापूर धरणाच्या फुगवट्यात दोन झटके देऊन थांबलो की तो हळूहळू वर येऊ लागे. थंड पाण्याची घनता जास्त असते: ३० अंशांऐवजी २० अंशांच्या पाण्यात एवढ्या लूरला सुमारे ०.०२५ ग्रॅम जास्त उचल मिळते, आणि स्थिर राहणे अथवा वर येणे हे एवढ्याशा फरकावरच ठरते. म्हणून घरी तार थोडी जास्तच गुंडाळावी, काठावर त्याच पाण्यात लूर सोडून पाहावा आणि नखाएवढे तुकडे कापत जावे. दोरा थेट नाकाच्या कडीला घट्ट न आवळता सैल फासाची गाठ मारल्यास झटक्याला लूर दोन्ही बाजूंना मोकळा वळतो, हेही मी आवर्जून सांगेन.