काखेतल्या एका ग्रंथीत कॅन्सर निघाला, आईला काय सांगू?

आई ५८ वर्षांची. उजव्या स्तनात, आतल्या बाजूला, २ सेंमीची गाठ होती. स्तन राखून ऑपरेशन झालं. ३ सेंटिनल ग्रंथी काढल्या, एकीत कॅन्सर आहे. आई सारखी विचारते, "मग अंगभर पसरलाय का गं?"

उत्तर : ताई, काखेत पोचणं म्हणजे अंगभर पसरणं नव्हे. गाठ आतल्या बाजूला असली तरी स्तनातली बहुतेक लसिका (लिम्फ, म्हणजे शरीरात वाहणारा पातळ द्रव) काखेकडेच वाहते. ऑपरेशनच्या वेळी स्तनात टोचलेला निळा रंग जिथे आधी पोचतो, ती सेंटिनल ग्रंथी. माझ्या वेळी लघवी निळसर झाली आणि मी घाबरून नवऱ्याला उठवलं होतं! तेव्हा माझ्याही दोन ग्रंथी बाधित होत्या. आज नऊ वर्षं झाली.

उत्तर : बाधित ग्रंथींची संख्या महत्त्वाची. १ ते ३ हा एक गट, ४ ते ९ पुढचा, १० पासून आणखी गंभीर. पण थोडी लसिका छातीच्या मधल्या हाडाशेजारच्या ग्रंथींकडेही जाते, आतल्या बाजूच्या गाठीत जास्त. रेडिएशनच्या डॉक्टरांना हे जरूर विचारा. गाठीच्या तपासणीत ईआर, पीआर (हार्मोनचे रिसेप्टर) आणि हर-टू (एक प्रथिन) काय आलं?

प्रश्नकर्ती : ईआर पॉझिटिव्ह. आईला आत्ताच वाचून दाखवलं. नऊ वर्षं, हे तिनं दोनदा वाचायला लावलं.